‘शब्द खाली पडला नाही’: अब्राहामाला दिलेलं वचन पिढ्यांमधून तपासायचं कसं?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात २१:४५ ला एक ओळ आहे. हिब्रूत ती ‘लो नाफाल दावार’ अशी सुरू होते. शब्दशः अर्थ ‘एकही शब्द पडला नाही’. दिलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आपल्याकडे रोजच्या बोलण्यात आहे, त्यामुळे मराठी वाचकाला इथे तळटीप लागत नाही. १ शमुवेल ३:१९ आणि २ राजे १०:१० मध्ये तर शब्द ‘जमिनीवर’ पडण्याची भाषा आहे.

अडचण पुढे येते. ही ओळ बहुतेक जण सुविचारासारखी वाचतात आणि पुढे जातात. वास्तविक देवाने अब्राहामाला ‘तुझ्या वंशाला कनान देश देईन’ असं जे वचन दिलं, त्याच्या जमाखर्चाची ती शेवटची ओळ आहे, आणि त्याआधीच्या नोंदी उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून लिहून ठेवलेल्या आहेत. त्या शोधताना पहिली चूक होते ती ‘वचन’ हा शब्द शब्दसूचीत धुंडाळण्याची. बायबलच्या हिब्रूत ‘आश्वासन’ याला स्वतंत्र नाम जवळजवळ नाहीच. तिथे ‘दावार’ (शब्द, गोष्ट, बाब), ‘तो बोलला’ आणि ‘त्याने शपथ वाहिली’ एवढ्यावर काम भागतं. म्हणून शब्दामागे न जाता तीन गोष्टींचा माग काढावा: जमीन, शपथ आणि हाडं.

जमीन. अब्राहाम हारान सोडतो तेव्हा ७५ वर्षांचा (उत्पत्ती १२:४). देश देण्याची भाषा लगेच सुरू होते, पण हातात काही येत नाही. सारा १२७ व्या वर्षी वारते. अब्राहाम तिच्याहून १० वर्षांनी मोठा, म्हणजे १३७ चा. तब्बल ६२ वर्षांनी त्याच्या नावावर पहिला तुकडा होतो, तोही पुरण्यासाठी: हेब्रोनजवळची मकपेलाची गुहा. एफ्रोन हित्ती ‘फुकट घ्या’ म्हणतो, अब्राहाम ऐकत नाही. ४०० शेकेल चांदी, ‘व्यापाऱ्यांत चालणारी’, तोलून दिली. पुढच्या काळातली यहूदा राज्यातली वजनाची दगडं सापडली आहेत, त्यांवरून शेकेल साधारण ११.३ ग्रॅमचा. तोच धरला तर साडेचार किलो चांदी झाली. २३:१७ मध्ये शेत, गुहा आणि हद्दीतली झाडं वेगवेगळी नोंदली आहेत, साक्षीदार वेशीतले. खरेदीखतच म्हणा ना.

शपथ. अब्राहामाचा नातू याकोब मरताना आपला मुलगा योसेफ याचा हात मांडीखाली घेऊन शपथ घालतो, ‘मला मिसरात (इजिप्तमध्ये) पुरू नकोस’ (४७:२९). पुढे योसेफ तीच शपथ इस्राएलाच्या मुलांना घालतो (५०:२५): देव तुमची दखल घेईल तेव्हा माझी हाडं इथून न्या.

हाडं. योसेफ ११० व्या वर्षी मरतो, मसाले भरून पेटीत ठेवला जातो. निर्गम १३:१९ मध्ये मिसर सोडताना मोशे ती हाडं सोबत घेतो. यहोशवा २४:३२ मध्ये ती शखेमला पुरली जातात, याकोबाने हमोराच्या मुलांकडून १०० ‘कसीता’ देऊन घेतलेल्या तुकड्यात (उत्पत्ती ३३:१९). जमीन, शपथ आणि हाडं एकाच ओळीत एकत्र येतात, आणि मग पुस्तक संपायला एकच ओळ उरते.

चर्चेसाठी दोन प्रश्न. इस्राएलांचा मिसरातला काळ ४०० वर्षं, ४३० वर्षं की चार पिढ्या? आणि यहोशवा २१:४५ खरं असेल तर शास्ते १ मधल्या न जिंकलेल्या गावांचं काय करायचं?

त्रैराशिक

पहिल्या प्रश्नापुरतं.

उत्पत्ती १५:१३ म्हणतं ४००. १५:१६ म्हणतं चौथी पिढी परत येईल. निर्गम १२:४० म्हणतं ४३०. तिन्ही आकडे एकाच सुरुवातीपासून मोजले की गाडी अडते. कुठे अडते ते बघा. निर्गम ६:१६-२० प्रमाणे याकोबाचा मुलगा लेवी १३७ वर्षं जगला, त्याचा मुलगा कहाथ १३३, त्याचा मुलगा अम्राम, म्हणजे मोशेचा बाप, १३७. मोशे फारोपुढे (मिसरच्या राजापुढे) उभा राहिला तेव्हा ८० चा (निर्गम ७:७). कहाथ याकोबाबरोबर मिसरात आलेल्यांच्या यादीत आहे (उत्पत्ती ४६:११). तो तेव्हा तान्हा होता आणि प्रत्येक मुलगा बापाच्या मृत्यूच्या वर्षी जन्मला असं अशक्य गृहीत धरलं तरी १३३ + १३७ + ८० = ३५०. ४३० होत नाहीत, ४०० सुद्धा नाहीत.

उपाय दोन. पहिला, सुरुवात मागे सरकवणे. अब्राहाम हारानमधून निघाल्यापासून त्याचा मुलगा इसहाक याच्या जन्मापर्यंत २५ वर्षं, इसहाक ६० चा असताना याकोब, याकोब १३० चा असताना मिसर. २५ + ६० + १३० = २१५. ४३० मधून वजा केले की मिसरात २१५ उरतात. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात आणि शोमरोनी पंथाच्या पंचग्रंथात (बायबलची पहिली पाच पुस्तकं) निर्गम १२:४० मध्ये ‘मिसरात’ बरोबर ‘कनान देशात’ हेही शब्द आहेत, म्हणजे हा हिशोब जुना आहे. ख्रिस्ती प्रेषित पौलही गलती ३:१७ मध्ये ४३० वर्षं वचनापासून नियमशास्त्रापर्यंत धरतो.

यहूदी परंपरेचा हिशोब ‘सेदेर ओलाम’ या ग्रंथात आहे: ४०० इसहाकाच्या जन्मापासून धरायचे. ६० + १३० = १९०, म्हणून मिसरात २१०. मग ४३० ची सुरुवात इसहाकाच्या आधी ३० वर्षांवर जाते, म्हणजे देवाने अब्राहामाशी करार केला त्या रात्री (उत्पत्ती १५) अब्राहाम ७० चा. पण १२:४ मध्ये तो ७५ चा असताना निघतोय! म्हणून ती परंपरा १५ वा अध्याय काळाने १२ च्या आधी घालते. बेरीज जुळते, क्रम ओढावा लागतो.

योसेफाच्या हाडांचंही गणित निघतं. तो फारोपुढे ३० चा, सुबत्तेची ७, दुष्काळाची २, म्हणजे बाप आला तेव्हा ३९ चा. त्यानंतर ७१ वर्षं जगला. म्हणून पेटी मिसरात राहिली ती २१० च्या हिशोबाने १३९ वर्षं, २१५ च्या हिशोबाने १४४, आणि पूर्ण ४३० धरले तर ३५९.

पाटीपेन्सिल

गणित सुबक आहे, पण दुसरा उपाय राहिला. वंशावळीत पिढ्या गाळलेल्या असू शकतात. पुरावा त्याच ग्रंथात आहे. यहोशवाची वंशावळ १ इतिहास ७:२०-२७ मध्ये बघा: योसेफाचा मुलगा एफ्राइम याच्यापासून त्याच्यापर्यंत दहाच्या आसपास नावं लागतात. त्यातला अलीशामा, अम्मीहूदाचा मुलगा, गणना १:१० मध्ये मोशेच्या काळचा एफ्राइमाचा सरदार आहे. देवाच्या उपासनेच्या तंबूचा कारागीर बसालेल याकोबाचा मुलगा यहूदा याच्यापासून सातवा. आणि मोशे मात्र लेवीपासून चौथा?

शिवाय गणना ३:२८ मध्ये कहाथाच्या घराण्यात एक महिन्यावरचे पुरुष ८,६०० आहेत. कहाथाला मुलगे चार. मोशेचा बाप खरोखर कहाथाचा सख्खा मुलगा असेल तर दोनतीन पिढ्यांत चारांचे साडेआठ हजार झाले. म्हणजे लेवी, कहाथ, अम्राम, मोशे ही कुळ, शाखा, घर, माणूस अशी उतरंड आहे असं वाचता येतं. ‘बेन’ म्हणजे मुलगा तसाच वंशजही.

त्रैराशिक

याला एक अडचण आहे. गणना २६:५९ योखबेदेला ‘लेवीला मिसरात झालेली मुलगी’ म्हणतं आणि निर्गम ६:२० तिला अम्रामाची आत्या. ती मोशेची आई. पिढ्या गाळल्या म्हणायचं तर तिचं नातंही सैल करावं लागतं. ८,६०० वाला आक्षेप मात्र माझ्या हिशोबाला खरोखर जड जातो, मान्य.

मायबोलीकरीण

आकड्यांपेक्षा उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायातली कृती महत्त्वाची आहे असं मला वाटतं, कारण कोण बांधला गेला ते तिथे दिसतं. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला, एक पारव्याचं पिल्लू. जनावरं मधोमध चिरून अर्धं समोर अर्धं मांडायचं, पक्षी चिरायचे नाहीत. हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’ (कारात बेरीत), ते यावरूनच. मधून चालत जाणारा म्हणतो, मी मोडलं तर माझं असं होवो. हा अर्थ यिर्मया ३४:१८-२० मध्ये उघड सांगितलाय. नेहमीच्या करारात बांधला जाणारा पक्ष चालतो. इथे अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) गाढ झोपेत आहे, आणि तुकड्यांमधून जातात ती धुराची भट्टी आणि पेटती मशाल. अब्राम चालतच नाही.

आता शब्द. ५०:२४-२५ मधलं योसेफाचं वाक्य ‘पाकोद यिफ्कोद’ असं दुहेरी क्रियापदाचं आहे. जळत्या झुडपापाशी मोशेला नेमका तोच धातू त्याच दुहेरी ठेवणीत मिळतो: ‘पाकोद पाकाद्ती’ (निर्गम ३:१६). वडीलधाऱ्यांना पटावं म्हणून दिलेली ही खूण आहे. भाषांतरात एका ठिकाणी ‘भेट घेणे’, दुसरीकडे ‘लक्ष देणे’ असं आलं की ही साखळी तुटते आणि वाचकाला पत्ता लागत नाही. साराला मूल होतं तेव्हाही हाच धातू (२१:१), शिरगणतीलाही हाच, आणि बापाच्या पापाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीला विचारतानाही हाच. मराठीत ‘दखल घेणे’ त्यातल्या त्यात जवळ. पण शिरगणतीला ते बसत नाही, तिथे ‘मोजदाद’ घेऊन तळटीप द्यावी लागेल.

उंबरठा

शब्दांत भर. ‘एमुना’चं भाषांतर विश्वासूपणा किंवा सत्यता असं होतं. त्याचा धातू अलेफ-मेम-नून, मूळ कल्पना घट्ट, न हलणारं असण्याची. निर्गम १७:१२ मध्ये मोशेचे हात सूर्यास्तापर्यंत ‘एमुना’ राहिले, म्हणजे स्थिर राहिले. अहरोन आणि हूर दोन्ही बाजूंनी टेकू देत होते म्हणून. ‘आमेन’ याच धातूचा. आणि गंमत म्हणजे आपलं ‘इमान’ आणि ‘अमानत’ अरबीतून आले, तेही याच्या सख्ख्या भावाचे. ‘इमान राखणे’ हे मराठीत एमुनाला जितकं जुळतं तितकं ‘विश्वासयोग्यता’ जुळत नाही. छापील पुस्तकात ते फारसं दिसत नाही, बहुधा फारसी वळणाचा संकोच असावा.

‘हेसेद’ला दया म्हटलं की ते वरून खाली दिलेलं दान वाटतं. याकोब योसेफाकडे ‘हेसेद आणि एमेत (खरेपणा)’ मागतो (उत्पत्ती ४७:२९). बाप मुलाकडे दया मागत नाहीये, नात्याला जागायला सांगतोय. मेलेल्यासाठी केलेलं काम परत फेडता येत नाही, म्हणून यहूदी परंपरेत अंत्यविधीच्या सेवेला ‘हेसेद शेल एमेत’ म्हणतात.

शिवारफेरी

दुसऱ्या प्रश्नाकडे कुणीच वळलं नाही म्हणून.

यहोशवा २१:४३-४५ म्हणतं सगळा देश दिला. १३:१ म्हणतं अजून पुष्कळ देश घ्यायचा राहिलाय. शास्ते १:२७ पासून राहिलेल्या गावांची यादीच आहे: बेथ-शान, तानाख, दोर, मगिद्दो, गेजेर, अक्को. १:१९ मध्ये कारण दिलंय, मैदानातल्यांकडे लोखंडी रथ होते. डोंगर मिळाला, सपाटी नाही. नकाशा उघडून या गावांवर खुणा केल्या तर इज्रेलचं खोरं आणि किनारपट्टी आपोआप उमटते.

दोन्ही खरं कसं? निर्गम २३:२९-३० वाचल्याशिवाय जुळत नाही. तिथे वचनातच हप्ते आहेत: एका वर्षात हाकलणार नाही, नाहीतर जमीन ओसाड पडेल आणि रानटी जनावरं वाढतील. थोडं थोडं. म्हणजे यहोशवा २१ मध्ये देणाऱ्याची बाजू पूर्ण झाल्याची नोंद आहे, शास्ते १ मध्ये घेणाऱ्याची थकबाकी. गेजेर तर शलमोन राजाच्या काळात फारोने जिंकून आपल्या लेकीला, शलमोनाच्या बायकोला, आंदण दिलं तेव्हा हाती आलं (१ राजे ९:१६)!

मला हा खुलासा पूर्ण पटत नाही, हेही सांगून टाकतो. शास्ते २:२०-२३ मध्ये देवच उरलेल्यांना हाकलणार नाही म्हणतो, म्हणजे हप्ते थांबलेत. ग्रंथाच्या संपादकांना विसंगती दिसत नव्हती असं नाही. त्यांनी दोन्ही ठेवल्या.

बोरूबहाद्दर

@शिवारफेरी, ‘देणारा-घेणारा’ ही फोड चांगली आहे. बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) बंदिवासातून लोक परतल्यानंतरच्या नहेम्या ९ मध्ये हाच ताण एकाच प्रार्थनेत येतो. आठव्या ओळीत ‘तू आपला शब्द पाळलास’, छत्तिसाव्या ओळीत ‘पाहा, आज आम्ही गुलाम आहोत, आणि तेही याच देशात’.

मांडवा_ते_रेवस

अवांतर, पण विषयाला धरून. त्रैराशिक यांनी मांडलेला ४००-२१० चा हिशोब कोकणातल्या बेने इस्राएलांच्या (मराठी बोलणाऱ्या यहूद्यांच्या) घरांत वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचल्या जाणाऱ्या हगादा या पोथीत दडलेला आहे. त्यात ‘इस्राएलाला दिलेलं आश्वासन पाळणारा धन्य’ असा परिच्छेद येतो आणि लगेच म्हटलंय की देवाने ‘शेवटाचा (गुलामीच्या अंताचा) हिशोब केला’. इथे ‘हव्ताहा’ हा उत्तरकालीन हिब्रू शब्द आहे, धागाकर्त्यांनी म्हटलेलं नाम बायबलनंतर असं रुळलं. त्या रात्रीचे चार प्यालेही निर्गम ६:६-७ मधल्या चार क्रियापदांशी जोडतात: बाहेर काढीन, सोडवीन, उद्धारीन, आपलंसं करीन. पाचवं ‘देशात आणीन’ आठव्या ओळीत आहे, त्याच्या प्याल्यावर जुना वाद आहे.

हगादाची हिब्रू-मराठी सचित्र आवृत्ती १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. तिच्यात बायका मराठमोळ्या लुगड्यात वल्हांडणाची तयारी करताना दिसतात.

मलिद्याचा उल्लेख इथे कुणीतरी करेलच म्हणून आधीच सांगते: एलियाहू हनबीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावाने पोहे, गूळ-खोबरं आणि फळांचा मलिदा होतो तो बहुधा नवस फेडताना किंवा आभारासाठी. नवस (नेदेर) माणसाने देवाला बोललेला असतो. या धाग्यातली शपथ (श्वूआ) उलट दिशेची आहे. दोन्ही एकत्र करू नयेत.

कडूनिंब

सगळे अब्राहामावर थांबलात, कारण तिथे जुळतं. दावीद राजाचं काय? २ शमुवेल ७:१६ मध्ये राजासन ‘सर्वकाळ’. इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेम पडलं, राजा आंधळा करून बाबेलला नेला. शब्द पडला की नाही?

उंबरठा

हा प्रश्न स्तोत्र ८९ नेच विचारलाय, तुमच्यापेक्षा कडक भाषेत. त्या स्तोत्रात हेसेद ७ वेळा, एमुना ७ वेळा येतात. पहिल्या ३७ ओळी देवाला त्याच्याच शपथेची आठवण करून देतात. ३८ व्या ओळीत ‘पण तू तर टाकून दिलंस’. ४९ व्या ओळीत हेसेद आणि एमुना शेवटच्यांदा येतात ते प्रश्नात: पूर्वीचं तुझं ते हेसेद कुठे आहे, जे तू दावीदाला एमुनेने शपथ वाहून दिलंस? उत्तर नाही. त्यानंतरची ५२ वी ओळ संग्रहाच्या तिसऱ्या भागाची समाप्ती आहे, स्तोत्राचं उत्तर नव्हे.

इथे एक चूक हमखास होते. हिब्रू प्रतीत स्तोत्राचा मथळा पहिली ओळ धरतात, म्हणून तिथे हे क्रमांक एकाने पुढे, ३९ आणि ५०. मराठी क्रमांक घेऊन हिब्रू शब्दसूची उघडली की भलतीच ओळ हाती लागते.

पाटीपेन्सिल

कडूनिंब, अटही बघा. २ शमुवेल ७ मध्ये मुलाला शिक्षा आहे पण हेसेद काढून घेणार नाही असं आहे. १ राजे २:४, ९:४-७ आणि स्तोत्र १३२:१२ मध्ये तेच वचन ‘जर’ लावून येतं. दोन्ही रूपं शेजारी लावून वाचावीत.

राजवंश मात्र कागदावर तुटत नाही. २ राजे पुस्तकाचा शेवट यहोयाखीन राजाच्या सुटकेवर आहे: कैदेच्या ३७ व्या वर्षी, रोजचा शिधा चालू. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या, १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच मुलगे यांना दिलेल्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे. त्याचा नातू जरुब्बाबेल (१ इतिहास ३:१७-१९) परत येऊन मंदिराच्या पायाभरणीला उभा राहतो. राजा म्हणून नाही, सुभेदार म्हणून.

कडूनिंब

सुभेदार म्हणजे राजासन नव्हे. पण शिध्याच्या पाट्या माहीत नव्हत्या, धन्यवाद.

त्रैराशिक

यिर्मया संदेष्ट्याने बाबेलच्या सत्तेसाठी सांगितलेल्या ७० वर्षांचं (२९:१०) गणितही असंच दोन सुरुवातींचं आहे. नबुखद्नेस्सर बाबेलच्या गादीवर आला इ.स.पू. ६०५ मध्ये, इराणी राजा कोरेशाने बाबेल घेतलं ५३९ मध्ये. ६६ वर्षं. मंदिर पडलं ५८६ मध्ये, दुसरं पूर्ण झालं ५१५ मध्ये (एज्रा ६:१५, अदार महिन्याची ३ तारीख, इराणी राजा दारयावेशाचं सहावं वर्ष). ७१ वर्षं. जखऱ्या १:१२ दुसऱ्या मोजणीकडे झुकतो, २ इतिहास ३६ पहिलीकडे. ७० हा आयुष्यमानाचा आकडा म्हणूनही वाचतात (स्तोत्र ९०:१०), म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक बघायला उरणार नाहीत.

शिवारफेरी

यिर्मया निघालाच आहे तर जमिनीची शेवटची नोंद घ्या. मकपेलाला जुळणारी आहे आणि जास्त तपशीलवार.

यिर्मया ३२. यहूदाचा राजा सिदकीया याचं १० वं वर्ष, यरुशलेमला बाबेलचा वेढा चालू, यिर्मया पहाऱ्याच्या चौकात अटकेत. चुलतभाऊ हनामेल येतो: आपल्या अनाथोथ गावचं शेत घे, सोडवण्याचा (जमीन घराण्यात राहावी म्हणून विकत घेण्याचा) हक्क तुझा. शेत वेढा घालणाऱ्यांच्या ताब्यातल्या मुलखात. किंमत १७ शेकेल, वरच्याच मापाने १९० ग्रॅमच्या आसपास. क्रम असा: दस्त लिहून सही, मोहर, साक्षीदार, काट्यावर चांदी तोलणे. दस्ताच्या दोन प्रती, एक मोहरबंद आणि एक उघडी. उघडी रोज बघायला, बंद असलेली वाद झाला तर फोडायला. दोन्ही त्याचा लेखनिक बारूख याच्या हाती सगळ्यांसमक्ष, आणि मातीच्या भांड्यात, ‘पुष्कळ दिवस टिकाव्यात’ म्हणून. गुंडाळून बांधलेले दुहेरी दस्त यहूदाच्या वाळवंटातल्या गुहांत प्रत्यक्ष सापडले आहेत, बाबथा नावाच्या बाईचं इ.स. दुसऱ्या शतकातलं दप्तर त्यातलंच.

शोधताना एक खबरदारी: सेप्टुअजिंटमध्ये यिर्मयाच्या अध्यायांचा क्रम वेगळा आहे, हा अध्याय तिथे ३९ वा.

मायबोलीकरीण

आणि त्या शेताचं पुढे काय झालं?

शिवारफेरी

यिर्मयाला ते कसायला मिळालं नाही. ४३ व्या अध्यायात त्याला मिसरात नेतात. भांडं कुठे गेलं ते ग्रंथ सांगत नाही. मात्र परत आलेल्यांची गाववार यादी एज्रा २ मध्ये आहे, तीच नहेम्या ७ मध्ये. दोन्ही याद्यांत बरेच आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. अनाथोथचा जुळतो. एज्रा २:२३ आणि नहेम्या ७:२७, दोन्हीकडे १२८ पुरुष.